एकाच कामाचा पठ्ठ्या की सगळ्या कामांचा? दोन्ही कॅरेक्टर महिनोन्‌महिने खेळल्यावरचा अनुभव

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगून टाकते. डी अँड डीमध्ये (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून फासे टाकत गोष्ट रंगवायचा खेळ) एकाच गोष्टीत तरबेज कॅरेक्टर बनवायचं की सगळं थोडं थोडं येणारं, हे कॅरेक्टर शीट बघून ठरवू नका, ग्रुपची हजेरी बघून ठरवा. दर शनिवारी सगळे वेळेवर येत असतील तर बिनधास्त एकाच गोष्टीत पॉइंट ओता. पण ग्रुप आमच्यासारखा असेल, म्हणजे रोग (कुलपं उघडणारा चोर) खेळणारा हिंजवडीतून निघतो आणि आठ वाजता चांदणी चौकातून फोन करतो की तुम्ही चालू करा मी आलोच, क्लेरिक (जखमा बऱ्या करणारा पुजारी) खेळणारी रेसिडेंट डॉक्टर आहे आणि तिला नाइट ड्युटी कधी लागेल हे तिलाही माहीत नसतं, तर मात्र पुढचं वाचा.

आम्ही कोथरूडला मित्राकडे खेळतो, पाचवं एडिशन, 2014 चे नियम. कॅम्पेनचा (सेशनमागून सेशन चालणाऱ्या लांब गोष्टीचा) पहिला अर्धा भाग मी हाफ-ऑर्क बार्बेरियन (रागाने लढणारा योद्धा) खेळले, नंतर हाफ-एल्फ बार्ड (गाण्यातून जादू करणारा), त्यामुळे दोन्ही टोकं एकाच टेबलावर आणि एकाच डीएमच्या (खेळ चालवणाऱ्याच्या) हाताखाली वापरून झालीयेत.

बार्बेरियन अगदी टोकाचा बनवलेला. पॉइंट बायमध्ये (सहा गुणांचे आकडे पॉइंट देऊन घ्यायची पद्धत) 27 पॉइंट मिळतात आणि एक 15 घ्यायला 9 जातात, सो तीन 15 आणि तीन 8, विषय संपला. स्ट्रेंग्थ, डेक्स (चपळाई), कॉन (दमखम) वर, इंटेलिजन्स, विस्डम, करिश्मा तळाला. हाफ-ऑर्कचे दोन मिळवून स्ट्रेंग्थ 17. चौथ्या लेव्हलला ग्रेट वेपन मास्टर हे फीट (जादाचं खास कौशल्य) घेतलं, म्हणजे हल्ल्याच्या रोलमधून 5 वजा पण लागला तर डॅमेज 10 जास्त, आणि बार्बेरियनला दुसऱ्या लेव्हललाच रेकलेस अटॅक मिळालेला असतो, दोन डी20 (वीस बाजूंचे फासे) टाका आणि मोठा आकडा घ्या, त्यामुळे ते वजा 5 फारसं टोचत नाही. रेजमध्ये (रागाच्या भरात) ग्रेटअ‍ॅक्सचा एक फटका सरासरी साडेएकवीसचा बसतो! त्या लेव्हलला हे काय प्रकरण आहे ते खेळणाऱ्यांना कळेल. डीएमने आठवडाभर बसून रचलेला दरोडेखोरांचा सरदार दोन राउंडमध्ये आडवा झाला आणि डीएम नुसता माझ्याकडे बघत बसला.

लोक म्हणतात की असं कॅरेक्टर मारामारी सोडून कंटाळवाणं होतं. मला नाही पटलं. करिश्मा 8 असलेला माणूस दरबारात बोलायला उभा राहिला की टेबलावर जे होतं ते पैसे देऊन बघायला मिळणार नाही. खरी गोची सेव्हमध्ये, म्हणजे जादूतून सुटायला टाकायच्या फाशात आहे. शत्रूकडे होल्ड पर्सन (माणसाला जागच्या जागी खिळवणारी जादू) मारणारा कोणी असला की विस्डम सेव्ह, समजा डीसी (गाठायचा आकडा) 13, माझं मॉडिफायर (गुणामुळे फाशात होणारी बेरीज-वजाबाकी) वजा एक, म्हणजे फाशावर 14 पाहिजे, म्हणजे 35 टक्के. चुकलं की पॅरालाइझ, आणि मग पाच फुटांच्या आत लागलेला प्रत्येक वार क्रिटिकल. पार्टीतला सगळ्यात धिप्पाड गडी पुतळ्यासारखा उभा आणि बाकीचे त्याला वाचवतायत. आमच्या क्लेरिककडे लेसर रिस्टोरेशन हे स्पेल होतं, ते पॅरालिसिस काढतं, पण क्लेरिक त्या दिवशी वॉर्डात होती.

तिथून डोक्यात हजेरीचा किडा शिरला. स्पेशलिस्ट कॅरेक्टर असं गृहीत धरतं की त्याची भोकं बुजवायला बाकीचे तिथे हजर असणार. पाच स्पेशलिस्ट पाचही आले तर पार्टी खतरनाक होते, आणि तीनच आले तर दोन अख्खी खाती बंद. लग्नसराईत आणि गणपतीत तर आमच्याकडे तीन आले तरी खूप.

मग बार्बेरियनला गोष्टीतल्या एका गावात शेतीवाडी करून दिली आणि बार्ड आणला, डफ घेतलेला शाहीर. हाफ-एल्फ बार्डला सात स्किल मिळतात: तीन क्लासची, दोन वंशाची, दोन बॅकग्राउंडची. अर्चिन (रस्त्यावर वाढलेलं पोर) बॅकग्राउंड घेतला कारण त्यात थीव्ह्ज टूल्सही (कुलपं उघडायची अवजारं) येतात. पाचव्या लेव्हलला कुलूप उघडायला माझं +5, डीसी 15 असेल तर 55 टक्के. आमच्या रोगचं एक्स्पर्टीज (त्या कामात सरावाचा बोनस दुप्पट) धरून +10, 80 टक्के. पण तो 80 टक्के चांदणी चौकात अडकलेला असतो ना राव. हीलिंग वर्डचंही तसंच, साठ फुटांवरून बोनस अ‍ॅक्शनमध्ये पडलेल्याला उठवता येतं, क्लेरिकइतकं नाही पण क्लेरिक नसलेल्या शनिवारी कोणी मरत नाही.

आता एक गोष्ट जी नवीन लोकांना कोणी सांगत नाही. बार्डचं जॅक ऑफ ऑल ट्रेड्स ऐकायला भारी वाटतं, पण ज्या कामाचा सराव नाही तिथे मिळणारा हा बोनस, ते प्रोफिशियन्सीच्या (सरावाच्या बोनसच्या) निम्मं आणि तेही खाली धरून, म्हणजे आठव्या लेव्हलपर्यंत फक्त +1. पाच टक्के! त्यासाठी बार्ड घेऊ नका. बार्ड चालतो तो करिश्म्यावर आणि एक्स्पर्टीजवर. माझा करिश्मा 18, पर्सुएशनला एक्स्पर्टीज, झाले +10. म्हणजे सगळ्या कामांचा म्हणून आणलेला माणूसही आतून एका गोष्टीत स्पेशलिस्टच निघाला. खरंखुरं सगळं समान हवं असेल तर त्याच 27 पॉइंटमध्ये तीन 13 आणि तीन 12 येतात, सगळीकडे +1. मॉडिफायरची बेरीज केली तर ही जास्त भरते, 6 विरुद्ध तीन 15 वाल्याचे 3, कारण 14 आणि 15 महाग पडतात. पण दर सेशनला इतिहास किती वेळा रोल करता आणि हल्ला किती वेळा, हे मोजलं की ती बेरीज फसवी आहे हे लक्षात येतं.

बार्डचं दुखणं डॅमेज. व्हिशस मॉकरी (टोमणा मारून इजा करायची जादू) पाचव्या लेव्हलला 2डी4 (चार बाजूंचे दोन फासे), सरासरी 5. साडेएकवीसवरून पाच! मारामाऱ्या लांबायला लागल्या आणि आमचा धायरीचा पॅलाडिन (चिलखतातला धर्मयोद्धा) दर राउंडला मला ऐकवतो की तुझा ऑर्क बरा होता. एक गोष्ट मात्र वसूल: मॉकरीमध्ये टोमणा खरोखर मारावा लागतो असा आमच्या डीएमचा नियम आहे, आणि पुण्यात त्याची कमतरता नाही. एका ओगरला (राक्षसाला) मी "बेल एकदाच दाबावी, आम्ही बहिरे नाही" असं सुनावलं आणि त्याची सेव्ह फेल गेली.

स्किलचं अजून एक. जे काम पार्टीतल्या एकाने केलं तरी भागतं, कुलूप, वाटाघाटी, जुनी लिपी वाचणं, तिथे स्पेशलिस्टच पाहिजे. जे सगळ्यांना करावं लागतं, लपत जाणं, पोहणं, चढणं, तिथे तळाचे आकडे मारतात. डीएमने एकदा सिंहगडाच्या कड्यासारखा कडा ठेवला, रात्री सगळ्यांनी गुपचूप वर जायचं. ग्रुप चेकमध्ये निम्मे पास झाले की सगळे पास, आणि आमच्यात चिलखतवाला पॅलाडिन डिसअ‍ॅडव्हांटेजवर (दोन फाशांतला छोटा आकडा) आणि माझा नवरा, विझर्ड, स्ट्रेंग्थ 8. तिथे बरा स्टेल्थ असलेला एक माणूस जास्त असण्याने रात्र निभावली.

मध्ये पावसाळ्यात थोडं कॉल ऑफ क्थुलू, म्हणजे याच जातीचा दुसरा खेळ, खेळलो. तिथे वापरलेल्या स्किलवर टिक होते आणि नंतर डी100 वर स्किलपेक्षा जास्त पडलं तरच ते वाढतं. म्हणजे 25 चं स्किल वाढायची शक्यता 75 टक्के, 80 चं वाढायची 20. सिस्टीम स्वतःच तुम्हाला पसरायला लावते. हजेरीची रड असलेल्या ग्रुपने हे नक्की करून बघावं.

पुढचं कॅम्पेन 2024 च्या नियमांवर करायचं ठरलंय. त्यात बॅकग्राउंडबरोबर एक ओरिजिन फीट येतं आणि ह्यूमन घेतला तर अजून एक. मी क्लेरिक घेणारे, विस्डम टॉपला, एक फीट अलर्ट आणि दुसरं स्किल्ड (जास्तीची स्किल किंवा टूल्स देणारं), म्हणजे मुख्य काम एक आणि रोग उशिरा आला तर थीव्ह्ज टूल्सही माझ्याकडे. हिंजवडीवाल्याने मात्र ग्रुपवर आत्ताच टाकलंय की यावेळी पण रोगच, त्यामुळे ती टूल्स मला लागणारच आहेत.