एक लॅपटॉप, दोन इंटरनेट: आठ महिन्यांचा अनुभव

चिपळूणजवळच्या आमच्या गावात पावसाळ्यात फायबरची केबल कुठे ना कुठे तुटतेच. मी घरी बसून पुण्याच्या ऑफिसच्या सर्व्हरवर रिमोट डेस्कटॉपने (म्हणजे तिथला संगणक इथून चालवत) हिशेबाचं काम करते, आणि दर महिन्याच्या २० तारखेला जीएसटीआर-३बी हे जीएसटीचं मासिक विवरणपत्र भरायचं म्हणजे नेट गेलं तर चालतच नाही. म्हणून गेल्या जूनमध्ये फोरजी राउटर घेतला. फायबर लॅन केबलने आणि फोरजी वायफायने, अशी दोन्ही कनेक्शनं एकाच डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) लॅपटॉपला जोडली.

पहिल्याच दिवशी अडले. दोन्ही राउटरांचा पत्ता १९२.१६८.१.१, त्यामुळे लॅपटॉपचा गोंधळ! फोरजीचा बदलून १९२.१६८.५.१ केला, तेव्हा कुठे दोघं सुखाने नांदायला लागले.

कुठला रस्ता आधी वापरायचा हे मेट्रिकवर, म्हणजे प्रत्येक रस्त्याला दिलेल्या क्रमांकावर ठरतं. आकडा लहान, त्याला पहिला मान. लॅपटॉपमधली कनेक्शनं सांभाळणारा प्रोग्रॅम, नेटवर्क मॅनेजर, केबलला १०० आणि वायफायला ६०० देतो, त्यामुळे सगळं आपोआप फायबरवरून गेलं. केबल उपटून पाहिली, लगेच फोरजी सुरू. मी खूश.

खरी केबल रस्त्यात तुटली तेव्हा मात्र काहीच हललं नाही. घरातला राउटर चालू, लॅनचा दिवा लागलेला, म्हणजे लॅपटॉपच्या लेखी कनेक्शन ठणठणीत. नेट पुढे पोचतंय का, हे तो बघतच नव्हता. डेबियनवर त्या तपासणीचं वेगळं पॅकेज घालावं लागतं. ते घातल्यावर बंद पडलेल्या रस्त्याच्या मेट्रिकमध्ये २०,००० मिळवले जातात आणि तो मागे पडतो. तपासणी मुळात ३०० सेकंदांनी होते, मी ती ३० वर आणली. डीएनएसही (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारा सर्व्हर) बदला. माझा लॅपटॉप मेलेल्या फायबर कंपनीच्याच सर्व्हरला नावं विचारत बसायचा. आता दोन्हीकडे १.१.१.१ हा सार्वजनिक डीएनएस आहे.

सगळ्यात जास्त छळलं ते आयपीव्ही६ने, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्यांच्या नव्या पद्धतीने (जुनी ती आयपीव्ही४). फोरजीचा रोजचा दीड जीबी दुपारपर्यंत संपायला लागला, फायबर चालू असताना! वायफायचा पासवर्ड बदलला, अपडेट बंद केले, घरातल्यांना विचारून झालं. शेवटी रूटचे, म्हणजे कुठला डेटा कुठल्या रस्त्याने जायचा त्याचे तक्ते पाहिले. माझ्या फायबरवर नुसतं आयपीव्ही४, फोरजीवर मात्र आयपीव्ही६सुद्धा. दोघांचे तक्ते वेगळे असतात, त्यामुळे माझे १०० आणि ६०० आयपीव्ही६ला लागूच नव्हते. ज्या ज्या साइटला आयपीव्ही६ पत्ता होता ती मुकाट फोरजीने जात होती. वायफायच्या सेटिंगमध्ये आयपीव्ही६खाली 'फक्त याच नेटवर्कसाठी वापरा' ही खूण केली आणि गळती थांबली. दोन कनेक्शनं जोडणाऱ्या प्रत्येकाने हे पहिल्याच दिवशी तपासावं असं मी कळकळीने सांगेन.

दोन्हींचा वेग एकत्र होईल या आशेने ३:१ वजन देऊन वाटणीही करून पाहिली. एक मोठी फाइल एकाच रस्त्याने उतरते, त्यामुळे वेग वाढला नाही. वर बँकेची साइट मध्येच बाहेर काढायची, कारण तिला मी क्षणात या पत्त्यावरून तर क्षणात त्या पत्त्यावरून दिसायचे. दोन आठवड्यांत ते काढून टाकलं.

त्यापेक्षा कामं वाटून देणं बरं. रिमोट डेस्कटॉपला डेटा थोडा लागतो, पण मध्ये खंड चालत नाही. रस्ता बदलला की पत्ता बदलतो आणि सेशन तुटतं. म्हणून ऑफिसच्या सर्व्हरच्या एकाच पत्त्यासाठी फोरजीवरून /३२ रूट (फक्त त्या एका पत्त्यापुरता रस्ता) लावला. नेमका रूट असला की डीफॉल्टचं (बाकी सगळ्यासाठीच्या रस्त्याचं) मेट्रिक विचारातच घेतलं जात नाही. फोरजी राउटर बंद पडला तर तो रूटही जातो आणि काम फायबरवर येतं; पुन्हा लॉगिन मात्र करावं लागतं.

नोव्हेंबरच्या २० तारखेला दुपारी रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली. मला ते कळलं संध्याकाळी, विवरणपत्र भरून झाल्यावर, फायबरच्या राउटरवर लाल दिवा दिसला तेव्हा.