कॅम्पिंगसाठी पाच दारांची जिम्नी: आधी वजन मोजा, मग ओरखडे

मारुती जिम्नी जून २०२३ मध्ये आली. लॅडर फ्रेम म्हणजे शिडीसारखा पोलादी सांगाडा, पुढेमागे सलग ॲक्सल आणि लो रेंज, म्हणजे अवघड वाटेवर हळू पण जोरात खेचणारे गिअर. सह्याद्रीतल्या दगडगोट्यांच्या वाटेवर ती बहुतेकदा निभावून नेते. फसते ती मालकाने टपावर रचलेल्या संसारामुळे.

गाडीचं वजन साधारण १२०० किलो, भरल्या गाडीची मर्यादा १५४५. हातात उरतात जेमतेम ३४०. दोन माणसं १५०, रूफ टेंट ६०, कॅरियर २५, वीस लिटर पाणी म्हणजे आणखी २०. ड्रॉवरसाठी १२ एमएमची अख्खी प्लायशीट घातलीत की २३-२४ किलो गेले. वर शेगडी, सिलिंडर, हत्यारं, दोर. शिवाय टपावरच्या ८५ किलोंनी आडव्या उतारावर गाडी नको तेवढी कलते. रूफ टेंट या गाडीला शोभतो, पण परवडत नाही. साधा तंबू जमिनीवर लावा.

आत झोपायचं तर पुढच्या सीटचे हेडरेस्ट काढा, सीट पुढे सरकवून पाठ पाडा. ती मागच्या बाकाला भिडते. मधली खाच भरायला फोमपेक्षा घडी घातलेली गोधडी बरी. काच दोन बोटं उघडी ठेवा, नाहीतर सकाळी आतून पाणी टपकतं. मागचं दार बाजूला उघडतं, त्यामुळे त्याचा पावसात आडोसा होत नाही. ताडपत्री वेगळी लागते. फ्रिज गाडीच्या बॅटरीवर रात्रभर चालवू नका. सरासरी १५ वॉट धरले तरी दिवसाला ३६० वॉट-तास होतात. त्याला वेगळी बॅटरी हवी.

पैसे घालायचे ते टायरमध्ये. २१५/७५ आर १५ एटी (ऑल-टेरेन) टायर मूळ १९५/८० पेक्षा व्यासाने फक्त १० मिमी मोठा, म्हणजे उंची ५ मिमीच वाढते. खरा फायदा पकडीचा आणि जाड कडांचा. दोन इंची लिफ्टने बॉडी वर जाते, डिफरन्शियल, म्हणजे ॲक्सलच्या मधला गिअरचा गोळा, तिथेच राहतो, दगड लागायचा तो लागतोच. पुढच्या-मागच्या चाकांतल्या २५९० मिमी अंतरामुळे (व्हीलबेस) मधल्या पोटाचा कोन २४ अंशच आहे. बांध ओलांडताना आधी पोट घासतं, म्हणून शोभेचे फूटस्टेप काढून टाका. ते वाकून दार अडवतात. बंपरपुढच्या लोखंडी बुलबारवर डिसेंबर २०१७ पासून बंदी आहे, त्या वाटेला जाऊ नका.

घाणेरी आणि करवंदीच्या जाळ्या दोन्ही बाजूंना रेघा मारणारच. गाडी धुऊन रेघेवरून नख फिरवा. अडकलं नाही तर ओरखडा वरच्या लॅकरमध्येच, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरातच आहे, घासायच्या कंपाउंडने बराचसा जातो. अडकलं आणि पत्रा दिसला तर त्याच आठवड्यात प्रायमर, टचअप, लॅकर. कोकणच्या खाऱ्या हवेत उघडा पत्रा लगेच तांबारतो. चाकांवरच्या काळ्या प्लास्टिकच्या कमानींना काहीच करू नका, त्या त्यासाठीच आहेत. किरकोळ पोच्यासाठी विम्याचा क्लेम तर मुळीच नको. ५० टक्क्यांपर्यंत चढलेला नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, एका दारापायी जातो.

ओढ्यातून गाडी काढली असेल तर डिफरन्शियलचं तेल तपासा. दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय. तसंच पुढे चालवलंत तर बेअरिंग जातील.