एअर रायफलची नळी बदलून घेतली, त्याविषयी

खानापूरच्या पावसाळी दमटपणामुळे माझ्या हलक्या एअर रायफलच्या नळीला आतून गंज चढला होता, म्हणून बेळगावातील एका जुन्या दुरुस्ती दुकानात मी ती बदलून घेतली. कारागिरांनी नळीच्या तोंडाशी नखाने चाचपून दाखवलेली बारीक खाच पाहिली, तेव्हा छर्रे का भरकटत होते ते उमगले. नवी नळी त्यांनी ४.५ मिलिमीटरचीच बसवली, आणि ते योग्यच झाले, कारण व्यास याहून मोठा किंवा नळीतून सुटणाऱ्या छर्‍याची ऊर्जा २० ज्यूलपेक्षा अधिक असल्यास २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागतो. सांधा घट्ट बसला आहे. माशी, म्हणजे नेम धरण्यासाठी नळीच्या टोकावर असणारा खुंट, मात्र जुळवून दिली नाही. ती मलाच दोन संध्याकाळ खपून जुळवावी लागली, आणि इतक्या निगुतीच्या कामात ही उणीव खटकली.