करारातलं ‘अंदाजे ६००’: १७ महिन्यांच्या मेंबरशिपनंतर

डॉक्टरला दरमहा ९५ डॉलर देऊन आपण नेमकं काय विकत घेतो, हे मला अकराव्या महिन्यात कळलं. तोवर मी धरून चालले होते की तपासणी, सल्ला, मेसेजला उत्तर आणि अडीअडचणीला रात्री फोन. ते सगळं मिळतंच. पण ज्या गोष्टीच्या जोरावर ते मिळतं, ती करारनाम्याच्या तिसऱ्या पानावर एका ओळीत होती. सही करताना ती ओळ माझ्या डोळ्यांखालून गेली होती. डोक्यात शिरली नव्हती.

आम्ही सिॲटलच्या उत्तरेला, बॉथेलला राहतो. नवरा आणि मी, दोघांनीही पन्नाशी ओलांडलेली. ऑक्टोबर २०२४ मध्ये जवळच्याच एका ‘डायरेक्ट प्रायमरी केअर’ दवाखान्याची मेंबरशिप घेतली. नाव लिहीत नाही. तक्रार आहे तशी आपुलकीही आहे आणि आजही आम्ही तिथेच जातो.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. इथे दवाखाना विमा कंपनीला बिल लावतच नाही. महिन्याची ठरलेली फी भरायची, मग कितीही वेळा जा. हॉस्पिटल, ऑपरेशन, स्पेशालिस्ट यांसाठी विमा वेगळा ठेवावाच लागतो. या प्रकाराचा श्रीमंत थोरला भाऊ म्हणजे कॉन्सिअर्ज मेडिसिन: फी वर्षाची आणि घसघशीत, वर बऱ्याच ठिकाणी विम्यालाही बिल जातं. हा थोरला आमच्याच गावचा. सुपरसॉनिक्स या इथल्या तेव्हाच्या बास्केटबॉल संघाचे डॉक्टर राहिलेले हॉवर्ड मॅरॉन यांनी १९९६ साली सिॲटलमध्ये एमडी स्क्वेअर्ड नावाचा असा दवाखाना सुरू केला. एका डॉक्टरमागे ५० कुटुंबं, बास. पुढे २००० साली फ्लोरिडात निघालेल्या एमडीव्हीआयपी या कंपनीने हाच हिशेब जरा खाली आणला आणि डॉक्टरमागे ६०० पेशंट ही मर्यादा ठेवली. ‘सहाशे’ हा आकडा इथल्या लोकांच्या तोंडी बसलाय, त्याला हेही एक कारण असावं. आमच्या करारातही तोच होता.

पहिले सहा महिने मी भेटेल त्याला या दवाखान्याबद्दल सांगत सुटले होते. पहिली भेट सव्वा तासाची झाली. डॉक्टरांनी कॉम्प्युटर बाजूला सरकवून माझ्या बाबांचं विचारलं. बाबांना ५१व्या वर्षी हार्ट ॲटॅक आला होता. ही गोष्ट आधीच्या दवाखान्यातल्या फॉर्मवर मी आठ वर्षं दर वर्षी टिक करत होते, पण त्यावर कुणी पुढचा प्रश्न विचारला नव्हता. हृदयविकाराचा धोका मोजताना दक्षिण आशियाई वंश हा धोका वाढवणारा घटक धरावा, असं अमेरिकेच्या २०१८ च्या कोलेस्टेरॉलविषयक मार्गदर्शक सूचनांमध्येच लिहिलंय. पण अकरा मिनिटांच्या भेटीत ते सांगणार कोण? इथे लायपोप्रोटीन-ए आणि अपो-बी या हृदयविकाराचा धोका दाखवणाऱ्या रक्ताच्या दोन्ही तपासण्या झाल्या. माझी लायपोप्रोटीन-ए चढी निघाली, मग हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा कॅल्शियम स्कॅन झाला, गोळी सुरू झाली. लॅबचा दर दवाखान्याने घाऊक ठरवलेला, त्यामुळे बिल पाहून धक्का बसला नाही.

माझ्या स्वभावाप्रमाणे मी एका वहीत नोंद ठेवली होती. पहिल्या सहा महिन्यांत ११ मेसेज, अकराहीची उत्तरं त्याच दिवशी. पुढच्या सहा महिन्यांत १४ मेसेज. त्यातल्या सहांची उत्तरं दुसऱ्या दिवशी, दोन तर तिसऱ्या दिवशी. भेटीची वेळ तासावरून अर्ध्या तासावर आली. कोणी वाईट वागलं नाही. पण डॉक्टरांचा हात दाराच्या मुठीवर लवकर जायला लागला होता.

मधल्या काळात काय झालं ते हळूहळू समजलं. जुलै २०२५ मध्ये एक नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे पेशंट तपासून औषधंही लिहून देणारी जास्त शिकलेली नर्स, रुजू झाली. दोन छोट्या कंपन्यांनी आपल्या सगळ्या कर्मचाऱ्यांची मेंबरशिप एकगठ्ठा घेतली. प्रतीक्षालयात पूर्वी दोन खुर्च्या भरलेल्या असायच्या, आता पाच. सप्टेंबरमध्ये एका रविवारी चहा घेता घेता मी करारनामा काढून बसले. इंग्रजीतल्या त्या ओळीचा अर्थ साधारण असा: ‘प्रत्येक क्लिनिशियनमागे पेशंटसंख्या अंदाजे ६०० पर्यंत ठेवण्याचा दवाखान्याचा मानस आहे.’

आता यातला एकेक शब्द बघा. ‘अंदाजे’ म्हणजे ६२० की ७८०? ‘मानस’ तर आपल्यालाही रोज पहाटे उठून फिरायला जायचा असतो. ‘प्रत्येक क्लिनिशियन’, म्हणजे पेशंट तपासणारं कुणीही, म्हटलं की नर्स प्रॅक्टिशनर आल्याच्या दिवशी मर्यादा आपोआप १,२०० झाली. आणि ही बाई आठवड्यातून दोनच दिवस येते, पण करारात ती अख्खी एक धरलेली. ‘पेशंट’ म्हणजे कोण, याची व्याख्याच नाही. मुलं धरायची? कंपन्यांचे कर्मचारी धरायचे? आणि मर्यादा ओलांडली तर पुढे काय, याबद्दल अवाक्षर नाही. शिपायाने गेटवर ‘प्रवेश मर्यादित’ पाटी लावावी आणि जेवायला निघून जावं, तसा प्रकार.

हा आकडा इतका महत्त्वाचा का, याचा मी ढोबळ हिशेब मांडला. डॉक्टर वर्षातले ४५ आठवडे, आठवड्याला ३० तास पेशंटना देतो असं धरा. झाले १,३५० तास. ६०० पेशंटमध्ये वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला सव्वादोन तास येतात. नेहमीच्या दवाखान्यासारखे २,३०० पेशंट असतील तर जेमतेम ३५ मिनिटं, तीही वर्षभराची. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवलं होतं की २,५०० पेशंट असलेल्या डॉक्टरने सगळ्या मार्गदर्शक सूचना पाळायच्या ठरवल्या तर त्याला दिवसाला २६.७ तास लागतील. म्हणजे ९५ डॉलरला आपण भागाकारातली खालची संख्या विकत घेतो. तीच ढिली असेल तर बाकीची आश्वासनं कितीही सुंदर छापा.

शिवाय डॉक्टरच्या बाजूनेही बघा. भाडं, पगार, कॉम्प्युटरचा खर्च ठरलेला. ६०१ व्या माणसाचे ९५ डॉलर जवळजवळ तसेच खिशात पडतात, आणि त्याची किंमत आधीचे ६०० जण थोडी थोडी मोजतात, कुणाच्या लक्षातही येत नाही. माणूस कितीही सज्जन असो, हा मोह आहेच. सिॲटलमध्येच २००७ साली क्वालिअन्स नावाची मासिक फीवाली दवाखान्यांची मोठी साखळी निघाली होती. तिचं नाव सगळीकडे गाजलं, आणि २०१७ मध्ये ती बंद पडली. तेव्हा पेशंट कमी ठेवून दवाखाना चालवणं सोपं असतं, असं मी मुळीच म्हणत नाही.

इथे एक कबुली द्यायला हवी. मे २०२५ मध्ये माझी आई नाशिकहून सहा महिन्यांसाठी आली. वय ७८, बीपी आणि साखर दोन्ही. व्हिजिटर इन्शुरन्सला आधीचे आजार दिसले की तो तोंड फिरवतो, हे इथे आईवडिलांना आणणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहे. त्या वेळी दवाखान्याच्या दारावर ‘नवीन पेशंट घेणे बंद’ अशी पाटी होती. मी डॉक्टरांना फोन केला, आवाजात जेवढी काकुळती आणता येईल तेवढी आणली, आणि त्यांनी आईला घेतलं. मर्यादा ओलांडायला लावणाऱ्यांत मीही होते! वहीत उशिरा आलेल्या उत्तरांची नोंद करताना हे मला एकदाही आठवलं नाही.

आईला तिथे फार चांगलं वाटलं, हेही लिहिते. ऑगस्टमध्ये तिचे पाय सुजायला लागले. मी घाबरून किडनी, हृदय असं काय काय वाचून ठेवलं होतं. नर्स प्रॅक्टिशनरने आईची नाशिकची गोळ्यांची पिशवी टेबलावर ओतली, एकेक पाकीट बघितलं आणि अम्लोडिपिन या बीपीच्या गोळीवर बोट ठेवलं. डोस इकडे यायला निघण्याआधी नाशिकला वाढवलेला होता. तिने औषध बदललं, आठ-दहा दिवसांत सूज उतरली. वॉशिंग्टन राज्यात नर्स प्रॅक्टिशनरना डॉक्टरच्या देखरेखीशिवाय पेशंट पाहता येतात, औषधं लिहिता येतात, आणि ही बाई तिच्या कामात पक्की आहे. आई तिला ‘ती पोरगी’ म्हणते आणि डॉक्टरपेक्षा तिच्यावर जास्त भरवसा ठेवते. तेव्हा माझा आक्षेप तिच्यावर नाही. दोन दिवसांचा माणूस सहाशेच्या हिशेबात पूर्ण एक कसा, यावर आहे.

कायदा काय म्हणतो तेही पाहिलं, कारण आमच्या राज्यात यासाठी २००७ पासून स्वतंत्र कायदा आहे. तब्येत वाईट आहे एवढ्याच कारणावरून असा दवाखाना पेशंट नाकारू शकत नाही, पण क्षमता पूर्ण भरली असेल तर नाकारू शकतो. क्षमता म्हणजे किती, हे दवाखान्यानेच ठरवायचं. कायद्यात आकडा नाही. फी वाढवायची तर ६० दिवस आधी कळवावं लागतं. पेशंट दुप्पट केले तर मात्र कुणाला काही कळवायची गरज नाही, आणि एका अर्थी ती फीवाढच की! पण त्याच कायद्यात एक कामाची गोष्ट सापडली: अशा प्रत्येक दवाखान्याला एकूण पेशंट किती, सरासरी फी किती, हे दर वर्षी राज्याच्या विमा आयुक्तांना कळवावं लागतं.

मग मी डॉक्टरांना चार ओळी लिहिल्या. भांडणाचा सूर अजिबात नव्हता. आयुक्तांना कळवता तोच आकडा, आजच्या तारखेचा, मला सांगाल का, एवढंच विचारलं. उत्तर तिसऱ्या दिवशी आलं (वहीत नोंद आहे). ८७४. त्यात कंपन्यांचे ९६. आम्ही आलो तेव्हा ४१२ होते. करारानुसार सगळं नियमातच: दोघांत वाटले तर ४३७. प्रत्यक्षात नर्स प्रॅक्टिशनरचे दोन दिवस वजा केले तर डॉक्टरांच्या अंगावर सव्वासहाशेच्या आसपास.

माणूस सरळ आहे, म्हणून भेटायला बोलावलं. म्हणाले, तुम्ही तिसऱ्या आहात विचारणाऱ्या. जानेवारी २०२६ पासूनच्या नव्या करारात ते कलम बदललं. ‘अंदाजे’ आणि ‘मानस’ दोन्ही गेले. आता पूर्णवेळ डॉक्टरमागे ६५० आणि बाकीच्यांमागे त्यांच्या कामाच्या दिवसांच्या प्रमाणात. मुलं, कंपन्यांचे कर्मचारी आणि पाहुणे म्हणून आलेले आईवडील, सगळे मोजायचे. वर्षातून दोनदा आकडा सगळ्या मेंबरांना कळवायचा. मर्यादा ओलांडली तर ३० दिवसांत सांगायचं, आणि ज्याला बाहेर पडायचं असेल त्याचे उरलेले पैसे पूर्वसूचनेच्या अटीशिवाय परत. कंपन्यांशी नवा करार करण्याआधी प्रतीक्षायादीतल्या लोकांना विचारायचं, हे कलम मात्र त्यांनी मान्य केलं नाही. कुठेतरी हात मोकळा हवा, म्हणाले. फी ९५ वरून ११० झाली, ६० दिवसांच्या रीतसर नोटिशीसह. नवऱ्याने माझ्याकडे बघून ‘घे, अजून विचार प्रश्न’ असं म्हटलं.

फीवाढ थोडी सुसह्य झाली ती दुसऱ्याच कारणाने. पूर्वी अशी मेंबरशिप असली की हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंटमध्ये (औषधोपचारासाठीच्या करसवलतीच्या बचत खात्यात) पैसे भरण्याचा हक्क अडचणीत यायचा, म्हणून २०२५ मध्ये आम्ही त्यात काही भरलं नाही. १ जानेवारी २०२६ पासून नियम बदलला: एकट्यासाठी महिना १५० आणि कुटुंबासाठी ३०० डॉलरपर्यंतची फी चालते, आणि त्याच खात्यातून भरताही येते. आमची दोघांची २२० त्यात बसते.

मेंबरशिप घेऊ का, असं मंडळाच्या कार्यक्रमात दोघातिघांनी विचारलं. मी त्यांना आधी कराराचा फोटो पाठवायला सांगते. एकाच्या करारात मर्यादेचा उल्लेखच नव्हता, फक्त माहितीपत्रकावर ‘मोजकेच पेशंट’ असं छापलं होतं. माहितीपत्रकावर कुणी सही करत नाही. दुसरीच्या करारात ४०० हा आकडा होता, पण खाली बारीक अक्षरात ‘दवाखान्याच्या मर्जीनुसार बदलू शकतो’. तिने ते खोडायला लावलं, आणि डॉक्टरने खोडलंही. छोट्या दवाखान्यांत असं होऊ शकतं. मालक समोरच बसलेला असतो. ज्याला वर्षाकाठी एकदाच डॉक्टर लागतो अशा पंचविशीतल्या पोराला मात्र मी ‘नको’ म्हणून सांगितलं.

एक गोष्ट अजून खुपते. नवऱ्याचे आधीचे डॉक्टर असेच मेंबरशिपकडे वळले, तेव्हा त्यांच्या दोनेक हजार पेशंटपैकी बहुतेकांना नवा दवाखाना शोधावा लागला. शेजारच्या निवृत्त शिक्षिकाबाई त्यांतल्याच. त्यांना चार महिने कुणी मिळालं नाही. मला जे सव्वादोन तास मिळतात ते कुठून तरी आलेले आहेत, आणि त्या बाई कुंपणापलीकडून हात हलवतात तेव्हा मला ते आठवतं.

फेब्रुवारीत पहिला आकडा आला: ८५१. नर्स प्रॅक्टिशनर आता चार दिवस येते, त्यामुळे मर्यादा १,१७० ची. मेसेजची उत्तरं पुन्हा त्याच दिवशी यायला लागली आहेत, भेट मात्र अजून चाळीस मिनिटांच्या पुढे गेलेली नाही. आईचं तिकीट १२ मेचं काढलंय. जागा भरपूर दिसते म्हणून निर्धास्तपणे मेल केला, तर उत्तर आलं की ‘त्या पोरगी’कडचे चार दिवस आताच भरलेत, डॉक्टरांकडे जागा आहे. आईला अजून सांगितलेलं नाही.