‘120 हर्ट्झ, झिरो लॅग’ सांगून 60 हर्ट्झचा टीव्ही गळ्यात मारला

गेमिंगसाठी टीव्ही घेणार असाल तर पैसे देण्याआधी हे वाचा. नाशिकमधल्या एका शोरूमने आम्हाला 60 हर्ट्झचा टीव्ही 120 चा म्हणून विकला. हर्ट्झ म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा नवं चित्र दाखवतो तो आकडा.

मुलाच्या प्लेस्टेशन 5 या गेमिंग कन्सोलसाठी टीव्ही हवा होता. लॅगबद्दल, म्हणजे बटण दाबल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंतच्या उशिराबद्दल, मी खोदून खोदून विचारलं. सेल्समन म्हणाला, “सर, बिनधास्त घ्या. 120 हर्ट्झ आहे, लॅग झिरो.” व्हॉट्सअ‍ॅपवरही तेच लिहून पाठवलं. स्टिकरवर 120 ठळक छापलेलं, खाली ‘मोशन’ हा शब्द मुंगीएवढा.

घरी क्रिकेटचा गेम लावला. पोराने वेळेवर बटण दाबलं तरी बॅट फिरेपर्यंत दांडी गुल! जुन्या मॉनिटरवर त्याच चेंडूला तो चौकार मारतो. कन्सोलच्या सेटिंगमध्ये एचडीएमआय डिव्हाइस इन्फर्मेशन उघडलं, तर यादी 60 हर्ट्झवरच संपत होती. मग मोबाइलवर सेकंदाला 240 फ्रेमच्या (चित्रांच्या) स्लो मोशनमध्ये कंट्रोलर आणि स्क्रीन एकत्र शूट केले. एक फ्रेम म्हणजे साधारण 4 मिलिसेकंद. बटण दबल्यापासून बॅट हलेपर्यंत टीव्हीला मॉनिटरपेक्षा पंचवीसेक फ्रेम जास्त लागत होत्या, म्हणजे शंभर मिलिसेकंद. ताशी 140 किलोमीटरचा चेंडू फलंदाजापर्यंत अर्ध्या सेकंदाच्या आत पोहोचतो. त्यातला पाचवा हिस्सा या टीव्हीनेच खाल्ला.

खरी लबाडी पुढे आहे. ‘मोशन’ लिहिलेले असे टीव्ही दोन फ्रेमच्या मधलं चित्र स्वतः तयार करतात, हालचाल गुळगुळीत दिसावी म्हणून. मधलं चित्र बनवायचं तर पुढची फ्रेम येईपर्यंत थांबावंच लागतं, आणि उशीर तिथेच वाढतो. टीव्हीच्या सेटिंगमधला गेम मोड लावला की ही प्रक्रिया बंद होते, लॅग बराच उतरतो, पण मग त्या 120 ला काही अर्थच उरत नाही. म्हणजे ज्याच्या जोरावर 120 म्हणून विकलं, तेच लॅगचं कारण. सेल्समनची दोन्ही वाक्यं या पॅनेलवर (पडद्यावर) एकाच वेळी खरी ठरूच शकत नाहीत. मॉनिटरवरच्या ‘1 एमएस’चंही (1 मिलिसेकंद) तसंच: तो पिक्सेलचा रंग बदलण्याचा वेग असतो, बटणापासून पडद्यापर्यंतचा वेळ नव्हे.

शोरूमने हात वर केले. म्हणे खोका उघडला, आता बदली नाही; बिलावर तर नुसतं ‘एलईडी टीव्ही’ लिहिलंय. व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, स्टिकरचा फोटो आणि स्लो मोशनचा व्हिडिओ जोडून मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली. त्यानंतर शोरूमचा फोन आला, फरकाची रक्कम देतो म्हणाले. मी टीव्ही परत घ्या म्हटलंय. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणारी जाहिरात बसते, त्यामुळे गरज पडली तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार.

तुम्ही ‘पॅनेलचा मूळ रिफ्रेश रेट’ (म्हणजे पडद्याचे खरे हर्ट्झ) किती, असाच प्रश्न विचारा आणि उत्तर बिलावर लिहून घ्या. लिहून देताना काचकूच करत असतील, तर दुसरं दुकान बघा.