प्रबंधाचा विषय: आकडेवारीतून की क्षेत्रकार्यातून?

समाजकार्याच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यापुढे प्रबंधाच्या वेळी साधारणपणे दोन वाटा असतात: उपलब्ध सर्वेक्षणांवर अभ्यास उभारणे, किंवा क्षेत्रकार्य (अभ्यासक्रमाचा भाग म्हणून लोकांमध्ये जाऊन केलेले प्रत्यक्ष काम) चालू असलेल्या वस्तीतूनच विषय घेणे. बीड जिल्ह्यातील बालविवाहाच्या उदाहरणावरून दोहोंतील फरक स्पष्ट होतो.

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) २० ते २४ वयोगटातील स्त्रियांपैकी अठराव्या वर्षाआधी विवाह झालेल्यांचे प्रमाण महाराष्ट्रात २१.९ टक्के, तर बीडमध्ये ४३.७ टक्के आहे. हे जवळपास दुपटीचे अंतर एका गावात बसून दिसणार नाही. शिवाय या वाटेला खर्चही कमी.

मात्र बीडमधून ऊसतोडीला जाणाऱ्यांना मुकादम (मजूर जमवणारा) उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती बहुधा जोडप्याला, म्हणजे एका 'कोयत्या'ला; त्यामुळे लग्न लवकर लावण्याकडे कल होतो. आणि आईवडील काही महिने फडावर गेल्यावर वयात आलेल्या मुलीला गावी कोणाच्या भरवशावर ठेवायचे, हा प्रश्न आईच्या तोंडून ऐकल्याशिवाय त्या टक्केवारीमागची कारणे उलगडत नाहीत. क्षेत्रकार्यातून निघालेला प्रबंध हंगामी वसतिगृहासारख्या (आईवडील ऊसतोडीला गेले असताना मुलांना गावीच ठेवण्याची सोय) उपायापर्यंत थेट पोहोचतो. अडचण वेगळीच आहे: ज्या कुटुंबाला आपण शिधापत्रिकेसाठी मदत करतो, ते मुलाखतीला नकार कसे देणार? आणि बालविवाह कायद्याने गुन्हा असताना मुलीचे खरे वय तरी का सांगणार?

तरीही मला दुसरी वाट अधिक पटते. फक्त आकडे आधी पाहावेत, आणि मुलाखती शक्यतो आपले क्षेत्रकार्य नसलेल्या शेजारच्या गावात घ्याव्यात.