माशांच्या टँकसाठी आणलेला दगड: उकळायचा, ब्लीचमध्ये ठेवायचा की नुसता घासायचा?

बाहेरून उचलून आणलेला दगड टँकमध्ये टाकण्याआधी बहुतेक जण जंतूंचाच विचार करतात. माझ्या मते आधी बघायचं ते दगड कोणता आहे. बेसाल्ट, ग्रॅनाइट, गारगोटी पाण्यात काही सोडत नाहीत. चुनखडी आणि संगमरवर मात्र हळूहळू विरघळून पाण्याचा पीएच आणि हार्डनेस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) वाढवतात, मग ते कितीही उकळा. आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातल्या सिक्लिड माशांना असं पाणी मानवतं, निऑन टेट्रा किंवा डिस्कसना नाही.

कोरड्या दगडावर खिळ्याने ओरखडा काढा आणि त्या भुकटीवर व्हिनेगरचे थेंब सोडा. बुडबुडे आले तर चुना आहे. नाही आले तरी लगेच निर्धास्त होऊ नका. व्हिनेगरमध्ये साधारण ५ टक्केच आम्ल असतं, डोलोमाइटसारखा दगड त्याला दाद देत नाही. एका बादलीत दगड आणि पाणी, शेजारच्या बादलीत नुसतं पाणी, असं आठवडाभर ठेवून दोन्हींची हार्डनेस तपासली की खात्री पटते. सोनेरी चकाकी किंवा हिरव्या-निळ्या शिरा दिसल्या तर दगडात धातू असू शकतो. असा दगड बागेतच बरा.

आता सफाई. कोरड्या माळावरचा टणक दगड असेल तर कडक ब्रश आणि साधं पाणी पुरे. साबण अजिबात नको.

तळ्यातला किंवा ओढ्यातला असेल तर शेवाळ, गोगलगायींची अंडी, माशांचे रोग सोबत येऊ शकतात. इथे लोक उकळण्याकडे वळतात. रसायन उरत नाही हे खरं, पण फटीत अडकलेल्या पाण्याची वाफ झाली की दगड तडकतो, कधी फुटून उडतोही. ओव्हनमध्ये हा धोका आणखी मोठा. त्यापेक्षा दगड आधी कोमट पाण्यात ठेवून मग त्यावर उकळतं पाणी ओतणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. एकदोनदा ओतलं की बरंचसं काम होतं. समुद्रातला जिवंत खडक (म्हणजे जीव वाढलेला खडक) मात्र कधीच उकळू नका. त्यावरच्या झोअँथिड या प्रवाळासारख्या जीवांमध्ये पॅलिटॉक्सिन हे विष असू शकतं, आणि त्याच्या वाफेने माणसं रुग्णालयात पोचली आहेत.

ब्लीच जंतूंवर सगळ्यात जालीम, पण ते टणक, गुळगुळीत दगडापुरतंच ठेवा. लाव्हा किंवा वालुकाश्म ते शोषून घेतात. बिनवासाचं साधं ब्लीच, एका भागाला नऊ भाग पाणी, दहा-पंधरा मिनिटं. व्हिनेगरची चाचणी केली असेल तर आधी दगड भरपूर पाण्याने धुवा, कारण दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. ब्लीचनंतर खळखळून धुवायचं, सोडियम थायोसल्फेट असलेलं डीक्लोरिनेटर (क्लोरीन घालवणारं द्रावण) दुप्पट मात्रेत घातलेल्या पाण्यात भिजवायचं आणि पूर्ण वाळू द्यायचं. वाळल्यावरही ब्लीचचा वास आला तर भिजवणं आणि वाळवणं पुन्हा करा.